गेंटचं कोकरू बघायचं असेल तर आधी दारं लावा

लग्नसराई संपली की घरात पत्रिकांचा गठ्ठा उरतो. त्यातली मधोमध दोन दारांसारखी उघडणारी एक पत्रिका बाजूला काढून ठेवा. जालना जिल्ह्यातल्या शाळेत चित्रकला शिकवताना इंटरमिजिएटच्या मुलांना मी बेल्जियममधल्या गेंट गावचं वेदीचित्र अशाच पत्रिकेवरून दाखवायचे. तुम्हालाही तिथूनच सुरुवात करायला सांगते, कारण हे चित्र सपाट नाही. ते उघडतं आणि मिटतं.

वेदीचित्र म्हणजे चर्चमधल्या वेदीच्या मागे उभं केलेलं चित्र. हे ओकच्या फळ्यांवर रंगवलंय. पूर्ण उघडलं की उंची साधारण साडेतीन मीटर आणि रुंदी साडेचार मीटरच्या वर, म्हणजे वर्गाची एक भिंत भरेल एवढं. ह्यूबर्ट वॅन आयकने काम सुरू केलं, १४२६ मध्ये तो वारला, आणि धाकट्या भावाने, यानने, १४३२ मध्ये ते पूर्ण केलं. पैसे दिले योस वेइड आणि त्याची बायको एलिझाबेथ बोर्लूट यांनी. सणावाराला दारं उघडायची, एरवी मिटलेली. आपल्याकडे देवघराची दारं लावतात, देवासमोर पडदा ओढतात, तसंच. म्हणून फोनवर सरळ आतल्या मधल्या फळीवरचं कोकरू मोठं करून बघू नका. ‘क्लोजर टू वॅन आयक’ या संकेतस्थळावर सगळ्या फळ्या फुकट बघता येतात आणि रंगाच्या भेगा दिसेपर्यंत मोठ्या करता येतात. तिथे मिटलेली बाजू आधी काढा. तिच्या छापील प्रती पत्रिकेच्या दारांवर बाहेरून चिकटवा, उघडलेल्या बाजूच्या आतून.

मिटलेल्या बाजूला रंग आवरून वापरलेत. खाली दोन संत आहेत ते खरे दगडी पुतळे वाटतील, पण तोही रंगच आहे. त्यांच्या दोन्हीकडे गुडघे टेकलेले ते नवरा-बायको. त्यांच्या वरच्या ओळीत डावीकडे गाब्रिएल देवदूत हातात लिलीची फुलं घेऊन आलाय आणि उजवीकडे मरिया. तुझ्या पोटी देवाचा पुत्र जन्मेल, असा निरोप त्याने आणलाय. दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत कोनाड्यात टांगलेलं पाण्याचं भांडं, खाली घंगाळ, शेजारी पांढरा पंचा. घरातल्याच वस्तू, पण त्या मरियेचं निर्मळपण सांगतात. आता फोनचं आपोआप फिरणं बंद करा आणि मरियेच्या तोंडाजवळची सोनेरी अक्षरं फोन उलटा धरून बघा. ‘पाहा, मी प्रभूची दासी’ हे तिचं लॅटिनमधलं उत्तर उलटं लिहिलंय, कारण ते वाचणारा वर आहे. एवढी एकच गोष्ट कळली तरी मुलं पुढचा अख्खा तास जागची हलत नसत.

त्याच खोलीच्या फरशीवर चौकटीच्या सावल्या शोधा. लाकडी चौकट खरी आहे, तिची सावली मात्र रंगवलेली, आणि ती उजवीकडून उजेड आल्यासारखी पडते. ज्या खोलीसाठी चित्र केलं तिची खिडकीसुद्धा उजवीकडेच होती. पत्रिका खिडकीशी तशीच धरून बघा.

मग दारं उघडा, सावकाश. बारा फळ्या एकदम समोर येतात आणि रंग अंगावर येतो. वर मधोमध लाल झग्यातला सिंहासनावरचा देव. तो पिता की ख्रिस्त, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. त्याच्या एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान. पलीकडे गाणारे आणि वाजवणारे देवदूत, अगदी टोकांना आदाम आणि हव्वा. आदामच्या पायाचा तळवा बघा. खालून बघणाऱ्याला दिसावा तसा काढलाय, जणू तो चौकटीबाहेर पाऊल टाकतोय. हव्वेच्या हातात सफरचंद असेल असं आपण धरून चालतो, पण ते खडबडीत सालीचं लिंबाच्या जातीचं फळ आहे.

माणसं ओळखायची रीत आपल्याला मुळीच परकी नाही. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेणीत हातातल्या कमळावरून पद्मपाणी ओळखतो, कमरेवरच्या हातांवरून विठोबा ओळखतो, तसं इथेही आधी हात बघायचे. खालच्या हिरवळीवर उजवीकडच्या झाडीतून कुमारिका येताहेत. जिच्याजवळ कोकरू ती अ‍ॅग्नेस, जिच्याकडे छोटा बुरूज ती बार्बरा, फुलांची टोपली डोरोथीची. पुढे उजवीकडच्या हुतात्म्यांत एकाच्या हातात चिमटा आहे आणि चिमट्यात जीभ. तो लिव्हिनस. त्याची जीभ उपटली गेली अशी कथा आहे, आणि गेंटचे लोक त्याला आपला मानतात.

आणि मधे वेदीवर कोकरू, म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक. छातीतून रक्ताची धार प्याल्यात पडतेय, तरी ते चारी पायांवर उभं. बळी गेलेलं आणि जिवंत, दोन्ही एकाच वेळी. वेदीच्या कापडावर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातले शब्द आहेत: जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा. जालन्याच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने मला ते मराठी बायबलात काढून दाखवले, तेव्हा चित्राचा गाभा हाती आला. प्याला चर्चमधल्या द्राक्षारसाचा आहे, जो ख्रिस्ताचं रक्त मानतात. ज्या वेदीमागे चित्र उभं, त्याच वेदीवर पाद्री तसाच प्याला वर धरायचा.

या कोकराची एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्याकडे एका जुन्या पुस्तकातली मोठी छपाई होती. मेंढरं राखणाऱ्या घरातला एक मुलगा ती बराच वेळ बघून म्हणाला, “बाई, ह्याला चार कान हायेत.” मी म्हणाले, छपाईचा डाग असेल. तो गप्प बसला. बरोबर तोच होता. १५५० च्या सुमारास डागडुजी करणाऱ्यांनी कोकराचं डोकं वरून नव्याने रंगवलं होतं, कान वर सरकवून. १९५१ च्या सफाईत आजूबाजूचा थोडा रंग निघाला आणि मूळचे कान खालून वर आले. पुढे जवळजवळ सत्तर वर्षं कोकरू चार कानांचं राहिलं. २०१२ पासून चाललेल्या जीर्णोद्धारात भिंगाखाली धारदार पात्याने वरचा रंग खरवडून काढला, आणि २०१९ मध्ये मूळ चेहरा दिसला. त्याचे डोळे समोर आहेत, माणसासारखे, थेट आपल्यावर रोखलेले. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून बघा. त्या मुलाला शाबासकी द्यायची राहिली, याची मला आजही चुटपुट आहे.

रंग इतके खोल कसे, हे कळायला आपल्या शेतातलं जवस पुरेसं आहे. यानचा रंग मुख्यतः जवसाच्या तेलात घोटलेला. काचेच्या तुकड्यावर एकीकडे घाण्याच्या जवस तेलाचा पातळ हात फिरवा, दुसरीकडे शेंगदाणा तेलाचा, आणि पंधरा दिवस खिडकीत ठेवा. शेंगदाणा तेल ओलंच राहील, जवसाचं घट्ट होईल. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन आळतं. खडूचं पांढरं अस्तर, त्यावर असे पातळ, पारदर्शक थर एकावर एक. उजेड थरांतून आत जातो, पांढऱ्यावर आपटून परत येतो. त्यातला महाग निळा रंग अफगाणिस्तानच्या लाजवर्द दगडाचा. अजिंठ्याच्या निळ्यातही तोच दगड आहे.

चित्राचे हाल फार झाले. १५६६ मध्ये चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडणाऱ्या प्रोटेस्टंट मूर्तिभंजकांपासून ते मनोऱ्यात लपवावं लागलं. १७९४ मध्ये फ्रेंचांनी मधल्या फळ्या पॅरिसला नेल्या, त्या १८१५ मध्ये परत आल्या. लगेच पुढच्या वर्षी चर्चनेच बाजूच्या फळ्या विकल्या, त्या बर्लिनला पोचल्या आणि व्हर्सायच्या तहानंतर घरी आल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ते ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत ठेवलं होतं.

आता पत्रिकेच्या डाव्या दाराची आतली खालची, अगदी कडेची जागा बघा. तिथे ‘न्यायी न्यायाधीश’ ही फळी होती. १९३४ च्या एप्रिलमध्ये, १० आणि ११ तारखेच्या मधल्या रात्री, ती चोरीला गेली आणि आजवर सापडलेली नाही. चर्चमध्ये तिथे नक्कल लावलेली आहे, फोनवर तुम्हाला घोडेस्वार दिसतील ते त्या नकलेतले. पत्रिकेत ती चिकटवू नका. तेवढा पुठ्ठा कोरा ठेवा.