छोट्या टोकामॅकमधलं चुकार चुंबकीय क्षेत्र कसं काढावं

पुण्यात ०.२ टेस्लाचा टोकामॅक (प्लाझ्मा, म्हणजे तापवलेला विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्राने कोंडणारं वेढ्याच्या आकाराचं यंत्र) उभारलात, तर पहिली चूक जागेबरोबरच येते: पृथ्वीचं सुमारे ०.३८ गॉसचं आडवं क्षेत्र. यंत्राच्या एका फेरीत ते अर्ध्या भागात आत, अर्ध्या भागात बाहेर जातं, म्हणजे एका फेरीत एकदाच उलटसुलट होणारी, एन=१ प्रकारची चूक. मुख्य क्षेत्राच्या दहा हजारांत एक भाग, इथे ०.२ गॉस, एवढी चूक क्यू=२ पृष्ठभागावर (जिथे क्षेत्ररेषा यंत्राला लांबीने दोन फेऱ्या मारताना आडव्या दिशेने एक फेरी मारते) चुंबकीय बेट, म्हणजे क्षेत्ररेषांचा वेगळा पडलेला गुंता, एका जागी अडकवायला पुरू शकते. मग प्लाझ्मा फुटतो.

आधी फीडर, म्हणजे कॉइलना करंट पुरवणाऱ्या तारा, बघा. १० किलोअँपिअरची एकटी तार अर्ध्या मीटरवर ४० गॉस देते. जाणारी-येणारी तार २ सेंमी अंतरावर जोडीने नेली तरी १.६ गॉस उरतात, म्हणून कोअॅक्शियलच (एका तारेभोवती दुसरी नळीसारखी) करा. स्टँडला ३०४ स्टील घेतलंत, तर वाकवलेल्या आणि वेल्ड केलेल्या जागी दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक फिरवा. तिथे ते चुंबकीय झालेलं असतं. स्लॅबमधली लोखंडी सळई हलवता येत नाही, यंत्र उंच बसवा.

उरलेलं चुकार क्षेत्र हॉल प्रोबने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या छोट्या सेन्सरने) मोजण्याचा मोह टाळा. प्रोब ०.१ अंश कलला की मुख्य क्षेत्राचेच ३.५ गॉस वाचनात घुसतात! मोजमापाला खुद्द प्लाझ्माच वापरावा लागतो.

बाहेरून ९० अंशांवर चार सॅडल कॉइल (यंत्राच्या बाजूवर खोगिरासारख्या बसणाऱ्या कॉइल) बसवा. समोरासमोरच्या दोन उलट्या जोडा. दोन जोड्या, दोन पॉवर सप्लाय. घनता आणि प्लाझ्मा करंट तेच ठेवून एका दिशेने करंट सावकाश वाढवा. घाई केलीत तर व्हेसलच्या (प्लाझ्मा ठेवणाऱ्या धातूच्या पात्राच्या) भिंतीत उमटणारे एडी करंट क्षेत्र अडवतात आणि आकडा खोटा मोठा येतो. मिरनोव्ह कॉइलवरचं (प्लाझ्मातले चुंबकीय बदल टिपणाऱ्या कॉइलवरचं) कंपन थांबलं, घनता घसरली, की मोड, म्हणजे फिरणारं चुंबकीय बेट, अडकला. तो करंट लिहून घ्या. चारही दिशांना हेच करा. दोन जोड्यांचे करंट एक्स-वाय अक्षांवर मांडून बिंदूंतून वर्तुळ काढा. त्याचा केंद्रबिंदू हाच दुरुस्तीचा करंट.

वर्तुळ वेडंवाकडं आलं तर घनता तपासा. अडकण्याची मर्यादा साधारण घनतेच्या प्रमाणात सरकते. एखाद्या दिशेला सप्लाय संपेपर्यंत मोड अडकलाच नाही, तर घनता कमी करून चारही दिशा पुन्हा घ्या, जुने बिंदू मिसळू नका.

यंत्राच्या मुख्य कॉइलमधून येणारी चूक तिच्या करंटबरोबर वाढते, पृथ्वीची तेवढीच राहते. त्यामुळे प्लाझ्मा करंट किंवा मुख्य क्षेत्र बदललं की केंद्रही सरकतं. फीडर उघडून पुन्हा जोडलात, तरी स्कॅन नव्याने घ्या.