बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये एक्झॉस्ट बसवताना या चुका टाळा

बाथरूमला फॉल्स सीलिंग केले की त्यातच एक्झॉस्ट पंखा बसवून घेण्याची पद्धत आता सर्रास रूढ झाली आहे. खालून पांढरी जाळी दिसते, बटण दाबले की घरघर ऐकू येते, आणि काम झाले असे समजून आपण ठेकेदाराचे पैसे चुकते करतो. आमच्याकडेही असेच झाले. दुसऱ्या पावसाळ्यात दिव्याभोवती चहाच्या डागासारखे पिवळट कडे उमटले, तेव्हा वरच्या मजल्यावरून गळती होत असावी अशा समजुतीने शेजाऱ्यांशी थोडी कुरबुरही होऊन गेली. अखेर सीलिंगचा बोर्ड कापून पाहिला, तर पंख्याचा पाइप भिंतीतल्या भोकाच्या वीतभर अलीकडेच संपला होता. बोर्डाच्या वरच्या अंगाला काळी बुरशी धरली होती आणि चॅनेलच्या, म्हणजे बोर्ड ज्यांवर बसवतात त्या पत्र्याच्या पट्ट्यांच्या, कापलेल्या कडांना गंज चढला होता.

हीच सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज झाकली जाणारी चूक होय. अंघोळीची वाफ छताच्या पोकळीत सोडली, तर ती गार स्लॅबला लागून तिचे पाणी होते आणि ते जिप्सम बोर्डावर ठिबकते; हिरवा, ओल सोसणारा बोर्ड लावला असला तरी रोजच्या भिजण्यापुढे त्याचाही निभाव लागत नाही. म्हणून पंख्यापासून बाहेरच्या हवेपर्यंत पाइप अखंड असावा, दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळावी, आणि पाइपला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे आत साचलेले पाणी उलटे पंख्यात येणार नाही. लवचीक पाइप वापरायचाच असेल तर तो पूर्ण ताणून, जादा लांबी कापून बसवावा. अजगरासारखी वेटोळी घालून ठेवलेल्या पाइपातून हवा पुढे सरकत नाही. भिंतीतले भोक कोअर कटिंगने (गोल भोक पाडणाऱ्या यंत्राने) पाडून घ्यावे, मात्र बीम किंवा कॉलम यांना हात लावू नये आणि सोसायटीची परवानगी आधीच घ्यावी.

पंखा निवडताना खोलीचे घनफळ क्वचितच कोणी काढते. 8 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 8 फूट उंच बाथरूमचे घनफळ 320 घनफूट होते. तासाला आठ वेळा हवा बदलायची म्हटली तर 2,560 घनफूट, म्हणजे सुमारे 72 घनमीटर हवा बाहेर जायला हवी. खोक्यावरचा आकडा बहुधा पाइप न जोडता मोजलेला असतो, त्यामुळे लांब पाइप आणि वळणे गृहीत धरून त्याहून मोठ्या क्षमतेचा पंखा घ्यावा. 6 इंची पंख्याला 4 इंची पाइप जोडण्याचा मोह मात्र आवरावा. आवाज वाढतो आणि हवा कमी जाते.

पंखा जोरात फिरतो आहे, तरी आरशावरचे धुके हटत नाही, अशी तक्रार असल्यास जाळीपाशी कागदाचा पातळ तुकडा धरून पाहावा. दार उघडे असताना तो चिकटतो आणि दार लावताच गळून पडतो, तर दोष पंख्याचा नसून आत येणाऱ्या हवेला वाटच नाही. ग्रॅनाइटच्या उंबऱ्यावर घट्ट बसणाऱ्या दारांमुळे हे नेहमी घडते. दाराखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर फट ठेवली की प्रश्न सुटतो. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर हा विषय सोयीचा न राहता जिवाचा होतो, कारण बंद खोलीतला पंखा गिझरचा धूर उलटा आत ओढू शकतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अशा ठिकाणी आधी गिझर बाहेर हलवावा, मग पंख्याचे पाहावे.

भोक पाडण्यापूर्वी चॅनेल कोठून गेले आहेत ते पाहावे. चॅनेल कापून पंखा नुसता बोर्डावर टेकवला, तर काही महिन्यांत कंप वाढून सांध्यांना तडे जातात. पंख्याचे वजन अँकर फास्टनर (स्लॅबमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) आणि थ्रेड रॉड (आटे पाडलेल्या सळ्या) यांनी स्लॅबवर घ्यावे. शेजारी उघडझाप करता येईल असे झाकण ठेवावे. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) यांत काटकसर नको.

बाहेरच्या टोकाला खाली तोंड असलेली टोपी हवी, नाहीतर कोकणातला आडवा पाऊस थेट आत येतो. तेथे कबुतरांसाठी जाळीही लागते. डक्टमधल्या (इमारतीच्या पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतल्या) उघड्या पाइपात घरटे व्हायला फार दिवस लागत नाहीत. शेजारच्यांच्या फोडणीचा वास येत असेल, तर पंख्यामागची उलटी हवा अडवणारी झडप तपासावी. वाहतुकीसाठी लावलेली चिकटपट्टी काढायची राहिल्याने ही झडप कधी अर्धवट उघडीच अडकलेली सापडते.

बोर्ड बंद होण्याआधी वरच्या पाइपाचे फोटो काढून ठेवावेत. नंतर पंखा चालू करून जाळीखाली उदबत्ती धरावी आणि दुसऱ्या कोणाला तरी बाहेरच्या टोकापाशी उभे करावे. धूर किंवा निदान वास तेथपर्यंत पोहोचल्याचे त्याने सांगेपर्यंत ठेकेदाराचा शेवटचा हप्ता हातचा ठेवावा.