फीड वर्गात नेताय? आधी मुलांच्या लॉगिनने उघडा

मागच्या वर्षी आठवीला भूकंप शिकवायचे होते. पुस्तकातला तोच नकाशा किती वर्षं दाखवायचा? जगात आत्ता कुठे जमीन हलतेय ते मुलांनी रोज स्वतः बघावं असं मनात आलं. यूएसजीएसची, म्हणजे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक खात्याची भूकंपांची फीड, म्हणजे नव्या नोंदींची आपोआप ताजी होणारी यादी, फुकट मिळते. शनिवारी शाळा सुटल्यावर लॅबमध्ये बसून माझ्या लॉगिनने सगळं लावलं, दोनदा उघडून बघितलं आणि खुशीत सेव-उसळ खाऊन घरी गेले. सोमवारी चौतीस मुलं सतरा मशीनवर बसली आणि सतराच्या सतरा स्क्रीनवर एकच पाटी: परवानगी नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘टीचर, खुलतुं नथी!’ उरलेला तास मी फळ्यावर खडूने फीड काढून दाखवली. फीड. खडूने.

तर फीड वर्गात नेण्याआधीच्या कामांच्या यादीतलं पहिलं काम हेच. शाळेच्या मशीनवर, शाळेच्या नेटवर, मुलांच्या लॉगिनने उघडून बघा. शिक्षकांच्या लॉगिनला फिल्टर ढिला असतो, मुलांच्या लॉगिनला कडक. घरी चाललं याला काही अर्थ नाही. लॅबमध्ये तुमच्या लॉगिनने चाललं, यालाही नाही. लॅबवाल्या भाईंकडून मुलांचं एक लॉगिन मागून घ्या आणि स्वतः बसा.

आता फीड निवडणं. फीड म्हणजे साइटवर नवं काही आलं की त्याचं शीर्षक, तारीख आणि दुवा ठरावीक साच्यात देणारी फाइल, एवढं मुलांना पुरतं. १९९९ पासूनचा इतिहास सांगत बसू नका. पाच-सहा फीड घ्या, चाळीस नकोत. आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, तेव्हा गावोगाव फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या जायच्या. पेटीत काय घालायचं ते कुणीतरी बसून ठरवत होतं ना? इथे ते काम तुमचं. जे मिळेल ते पेटीत कोंबू नका.

फीडचा पत्ता सापडत नाही ही सगळ्यांची रड. साइटवरची फीडची नारिंगी खूण आता फारशी दिसत नाही. फायरफॉक्सने तर २०१८ च्या अखेरीस फीड दाखवणंच काढून टाकलं. साइटचा नेहमीचा पत्ता रीडरमध्ये, म्हणजे सगळ्या फीड एका जागी दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाका, बहुतेक वेळा तो स्वतः शोधतो. वर्डप्रेसची साइट असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ मारून इंग्रजीत फीड लिहा. एवढं करून नाही मिळाली तर सोडा, दुसरी घ्या.

रीडर कुठलाही चालेल, पण त्याच्यावर जीव लावू नका. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला. नंतर वाचायला लेख साठवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला गेलं. म्हणून फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, नंतर दुसऱ्या रीडरमध्ये ती जशीच्या तशी चढते.

मुलांना खाती उघडायला लावू नका. अजिबात नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मुलंच, त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. शिवाय गूगलच्या शालेय खात्यांत लहान मुलांना बाहेरच्या सेवेत शिरायचं तर अ‍ॅडमिनची आधी परवानगी हवी. रीडर तुमच्या खात्यात, प्रोजेक्टरवर. मुलांना फक्त दुवे द्या. आणि दुवे म्हटलं की परत तेच: रीडर उघडणं वेगळं आणि दुव्यामागचं पान उघडणं वेगळं. एकेक दुवा मुलांच्या लॉगिनने दाबून बघा. एकेक.

फीडमध्ये पूर्ण मजकूर येतो की दोनच ओळी, तेही बघून ठेवा. पुढे पैसे मागणारं पान निघालं तर तास गेला. जुन्या नोंदी गळतात. वर्डप्रेस मुळात शेवटच्या १० नोंदी देतं, यूएसजीएसची ‘७ दिवस’वाली फीड सातच दिवसांचं दाखवते. सोमवारी बघितलेलं पुढच्या बुधवारी नसेल, म्हणून वहीत तारीख, ठिकाण, तीव्रता लिहून घ्यायला लावा.

भूकंपच घेणार असाल तर आणखी दोन गोष्टी. यूएसजीएसच्या ४.५ तीव्रतेच्या वरच्या यादीत कच्छचे बारीक धक्के येत नाहीत आणि मुलं नेमकं तेच शोधतात. त्यासाठी गांधीनगरच्या भूकंप संशोधन संस्थेची यादी बघा. दुसरं म्हणजे वेळ. दुसऱ्यांदा तास घेतला तेव्हा एक मुलगी आजीला विचारून आली होती. २००१ चा भूजचा धक्का आला तेव्हा सव्वीस जानेवारीची सकाळ होती, इथे यूएसजीएसच्या जुन्या नोंदीत तर पहाटेचे सव्वातीन लिहिलेत, टीचर, कोण खोटं? दोघंही खरी. यूएसजीएस जागतिक प्रमाणवेळ देतं, त्यात साडेपाच तास मिळवले की ३:१६ चे ८:४६ होतात. हा प्रश्न माझ्या आखणीत नव्हता, पण तास त्यानेच तारला.

बातम्यांची फीड असेल तर त्याच दिवशी सकाळी डोळ्याखालून घाला. रात्रीत काय येऊन बसेल सांगता येत नाही आणि प्रोजेक्टरवर खुनाचा मथळा आला की वर्ग परत जाग्यावर येत नाही.

वाचनासाठी एफ ९ दाबा, एज आणि फायरफॉक्स दोन्हींत विंडोजवर जाहिराती उडतात, अक्षर मोठं होतं. सगळ्याच पानांवर नाही होत. मराठी-गुजराती अक्षरांच्या जागी चौकोन दिसत नाहीत ना, तेही बघा. कुठे बघायचं ते आता परत सांगत नाही. बरं, सांगते: मुलांच्या लॉगिनने.

बाकी नेहमीचं. नेट गेलं तर म्हणून दोन लेखांच्या प्रिंट. एक्स्टेन्शन बोर्ड. लॅबची किल्ली शिपायाकडून आदल्या दिवशीच घ्या, शनिवार असेल तर अकराच्या आत. किल्ली हातात आलीच आहे तर तशाच लॅबमध्ये जा, एक मशीन चालू करा आणि लॉगिन टाका. तुमचं नाही.