टँकमागं जिवंत मॉसची भिंत, सोलापूरच्या उन्हात टिकेल अशी

माशांच्या टँकच्या मागच्या काचेला ते निळं पोस्टर असतं ना, छापील प्रवाळांचं, त्याचा कंटाळा आला असेल तर मॉसची, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या बारीक हिरव्या वनस्पतीची, भिंत करा, खर्च फार नाही, धीर तेवढा पाहिजे. सोलापुरात असाल तर सुरुवात दिवाळीच्या आसपासच करा, कारण मॉस जाळीतून बाहेर येऊन दाट व्हायला दोन-तीन महिने जातात, म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत भिंत बऱ्यापैकी हिरवी होते आणि मग उन्हाळ्याचा तडाखा सोसायला तिच्यात जीव असतो. एप्रिलमध्ये लावायला गेलात तर अर्धं मॉस जाळीतच कुजायचं.

मॉसच्या जातींतलं जावाच घ्या. ख्रिसमस मॉस दिसतं झकास, पण त्याला 20 ते 25 डिग्रीचं पाणी मानवतं, आपल्याकडं ते एसीच्या खोलीतच जमणार. जावा 28-30 पर्यंत तग धरतं आणि बोअरच्या जड पाण्यालाही नाक मुरडत नाही. आणल्यावर बादलीत खळखळून धुवा, गोगलगायीच्या अंड्यांचे चिकट ठिपके दिसले तर तेवढा भाग फेकून द्या.

जाळी प्लास्टिकची, भोकं साधारण 5-6 मिमीची, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. लोखंडी किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी नको, गंजते, आणि जस्त उतरलं की झिंगे मरतात. दोन फुटी टँक असेल तर काचेपेक्षा थोडे लहान असे सारखे दोन तुकडे कापा, खाली वाळूपासून एक इंच वर राहू द्या.

आता खरं काम. एका जाळीवर ओलं मॉस बोटांनी सुटं करून पसरायचं, भाकरीवर शेंगाचटणी भुरभुरतो तसं, खालची जाळी मधूनमधून दिसत राहिली पाहिजे. जाड थर दिला की बरं वाटतं पण आतल्या मॉसला उजेड मिळत नाही, ते पिवळं पडून सडतं आणि मग वरचं चांगलं मॉसही सुटून येतं. वर दुसरी जाळी ठेवून कडा आणि मध्ये चार-सहा ठिकाणी मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यानं टाके घाला. सुती दोरा पाण्यात कुजतो, रंगीत असेल तर रंगही सोडतो.

जाळी सक्शन कपनं काचेला लावा. एक तर अगदी चिकटून, नाहीतर बोटभर जागा सोडून. मधलं अंतर ठेवलंत तर पिल्लं अडकून मरतात, वास आल्यावरच कळतं.

उजेड सहा-सात तास बास, जास्त दिला तर शेवाळ मॉसवरच चढतं. मॉसला खरी मुळं नसतात, सगळं पानांतूनच घेतं, त्यामुळं वाळूत खताच्या गोळ्या खुपसून भिंतीला काही उपयोग नाही. टँकमधल्या झाडांसाठी बाटलीत मिळतं ते लिक्विड कार्बन तर लांबच ठेवा, त्यानं मॉस जळतं. क्लोरिनचं म्हणाल तर आपलं नळाचं पाणी तसंही दिवसाआड-चार दिवसांनी येतं, उघड्या पिंपात साठलेलं असतं, तोपर्यंत ते बरंचसं उडून गेलेलं असतं, पण आज आलेलं आजच टाकायचं असेल तर अँटिक्लोरिन घाला.

मार्च लागला की टँकचं झाकण काढून छोटा फॅन पाण्यावर तिरका सोडा. आपली हवा कोरडी असल्यानं बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन डिग्री तरी उतरतं. फक्त रोज पातळी खाली जाते, आणि क्षार मागं उरतात, म्हणून भर घालताना बोअरचं नको, आरओचं घाला. उड्या मारणारे मासे असतील तर झाकणाच्या जागी जाळी टाका.

गोल्डफिश आणि मोठा सकर मासा असलेल्या टँकात हा उद्योग करूच नका, ओरबाडून टाकतात. गप्पी, टेट्रा, झिंगे उत्तम.

भिंत बोटभर जाड झाली की फिल्टर बंद करून कात्रीनं कापा, तुकडे छोट्या जाळीनं लगेच काढा, नाहीतर फिल्टरच्या स्पंजात जाऊन बसतात. कापलेलं मूठभर मॉस सावलीत बादलीत ठेवून द्या, उन्हाळ्यात एखादा पट्टा गेलाच तर तिथं भरायला होतं.