मूल बोलायला-बसायला उशीर करत असेल तर
मूल वर्षाचे होऊनही आधाराशिवाय बसत नसेल किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या घरच्यांच्या दिलाशावर विसंबू नये. मुलांची आरोग्य तपासणी करणारे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते; तोवर थांबण्यापेक्षा, बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असलेले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (विकासात मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी आणि उपचार जिथे होतात ते) थेट गाठावे. जाताना प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे कार्ड आणि मूल घरी कसे खेळते, हाकेला वळते का, हे दाखवणारे मोबाईलवरचे छोटे व्हिडिओ न्यावेत, कारण अनोळखी खोलीत ते आईला बिलगून बसते आणि तपासणी अर्धवट राहते. थेरपिस्टने शिकवलेला व्यायाम निघण्यापूर्वी त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवावा. घरी तो रोज पालकांनाच करून घ्यायचा असतो.