स्वघोषित कलाचळवळीची ज्ञानकोशात नोंद घ्यावी का, हे कसे ठरवावे

एखाद्या चित्रकाराने जाहीरनामा काढला, एखाद्या शब्दापुढे ‘वाद’ हा प्रत्यय लावला आणि चार स्नेह्यांच्या सह्या मिळवल्या, की निदान कागदावर तरी कलाचळवळ जन्माला येते. तिची नोंद तपासणीसाठी समोर आल्यावर ‘ही खरोखर चळवळ आहे का?’ हा प्रश्न मनात येतोच. पण नेमका तोच बाजूला ठेवावा. चित्रांचा कस लावणे हे समीक्षकाचे काम आहे. ज्ञानकोशाच्या संपादकाने एवढेच पाहायचे, की या चळवळीत ज्यांचे हितसंबंध गुंतलेले नाहीत अशा जाणकारांनी तिच्याविषयी विश्वासार्ह प्रकाशनात सविस्तर लिहिले आहे का. विकिपीडियावर या कसोटीला उल्लेखनीयता म्हणतात.

स्वतःचे नाव स्वतःच ठेवले, हा काही दोष नव्हे. इटालियन कवी मारिनेत्तीने फ्युचरिझम या कलाचळवळीचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ रोजी ‘ल फिगारो’ या पॅरिसच्या दैनिकात छापून आणला आणि चित्रकार त्याला १९१० मध्ये येऊन मिळाले. उलट ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव १८७४ मध्ये लुई लरुआ या समीक्षकाने मोने आदी चित्रकारांची खिल्ली उडवताना वापरले आणि मग तेच रूढ झाले. दुसऱ्याने ठेवलेल्या नावाबरोबर बाहेरचा एक साक्षीदार आपोआप येतो; स्वघोषित नावाच्या बाबतीत तो शोधावा लागतो, इतकाच काय तो फरक.

हा शोध संदर्भांच्या यादीपासून सुरू करावा. संस्थापकाचे संकेतस्थळ, जाहीरनामा, चित्रे विकणाऱ्या दालनाने छापलेली पुस्तिका आणि सभासदांनी एकमेकांवर लिहिलेले लेख यांवर आधी काट मारावी. चळवळ केव्हा सुरू झाली यासारख्या साध्या तपशिलासाठी हे साहित्य चालते, पण उल्लेखनीयता सिद्ध करण्यासाठी नाही. मुलाखतींच्या बाबतीत अनेकांची गफलत होते: नामांकित दैनिकात छापून आले तरी संस्थापकाचे बोलणे हे संस्थापकाचेच राहते.

आता उरलेली कात्रणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. समजा, तीन दैनिकांतल्या तीन बातम्या आहेत. तिन्हींत ‘कलेला नवी दिशा देणारी चळवळ’ हे शब्द आहेत, तिन्हींत प्रदर्शनाची वेळ आहे, संस्थापकाचे तेच एक वाक्य त्याच विरामचिन्हांसह आहे आणि एकाही बातमीत एकाही चित्राचे वर्णन नाही. मग त्या तीन बातम्या नसून एकच प्रसिद्धिपत्रक आहे, असे धरावे. याउलट, जाहीरनाम्यात सपाट रंगाचा आग्रह असताना प्रत्यक्ष चित्रांत सुरीने थापलेले जाड थर दिसतात, अशी तक्रार करणारा एखाद्या समीक्षकाचा अर्धाच रकाना सापडला, तर त्याचे वजन त्या तिन्हींपेक्षा जास्त. टीका प्रतिकूल आहे म्हणून तिचे मोल कमी होत नाही. किंबहुना प्रतिकूल असणे ही टीका स्वतंत्र असल्याची बऱ्यापैकी खात्रीची खूण असते.

प्रदर्शनांची यादी पाहताना निवड कोणी केली, हे विचारावे. १९१० मध्ये पॅरिसच्या ‘सालों दे अँदेपांदां’ या प्रदर्शनात बोरोनाली नावाच्या चित्रकाराचे चित्र झळकले. सोबत ‘एक्सेसिव्हिझम’चा जाहीरनामाही होता. प्रत्यक्षात ते लोलो नावाच्या गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधून रंगवले होते आणि रोलाँ दॉर्जलेस या लेखकाने व त्याच्या मित्रांनी हा सगळा बनाव रचला होता. त्या प्रदर्शनाला निवड समितीच नसल्यामुळे तिथे जागा मिळणे हा कशाचाच पुरावा नव्हता. गंमत अशी, की या प्रकरणावर इतरांनी इतके लिहिले आहे, की फसवणुकीचा किस्सा म्हणून गाढवाचे ते चित्र ज्ञानकोशात सहज बसते.

आपल्याच काळातले उदाहरण संकल्पनात्मक कलेला विरोध करणाऱ्या स्टकिझम या चित्रचळवळीचे. बिली चाइल्डिश आणि चार्ल्स थॉमसन यांनी १९९९ मध्ये लंडनमध्ये तो जाहीर केला. टर्नर पारितोषिक या ब्रिटिश कलापुरस्काराविरुद्धच्या स्टकिस्टांच्या निदर्शनांची दखल वृत्तपत्रांनी घेतली आणि २००४ मध्ये लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरी या सार्वजनिक संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले. संस्थापकांचा शब्द न् शब्द वगळला तरी ही नोंद उभी राहते.

आणखी दोन ठिकाणी सावध राहावे. एखादा सभासद प्रसिद्ध असला तरी त्याची कीर्ती चळवळीच्या खात्यावर जमा होत नाही; त्याच्यावरील लेखात चळवळीचा उल्लेख एका ओळीपुरता आहे की तिची चर्चा केली आहे, ते पाहावे. तसेच शोधयंत्रावर दिसणारी पाने ज्ञानकोशातल्या जुन्या नोंदीवरूनच उतरवलेली नाहीत ना, हे तारखा लावून तपासावे, नाहीतर आपणच आपले साक्षीदार ठरतो.

एवढे करून दोन-तीन भक्कम, परस्परांपासून स्वतंत्र संदर्भ उरले तर नोंद ठेवावी. एकच उरला आणि संस्थापकाची स्वतंत्र नोंद असली, तर तिथे एक परिच्छेद घालून चळवळीचे नाव त्या पानाकडे वळवावे. माझ्या मते बहुतेक नव्या ‘वादां’ना हीच जागा योग्य असते. काहीच उरले नाही तर नोंद वगळावी, मात्र चर्चापानावर कोणते संदर्भ तपासले आणि ते का पुरेसे ठरले नाहीत हे नमूद करावे, म्हणजे पुढे कोणी नवा पुरावा घेऊन आले तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.