बुडापेस्टमध्ये सेगवे टूर घेताय? मग आधी हे वाचा

बुडापेस्टला डॅन्यूब नदीच्या काठाने सेगवेवरून, म्हणजे उभं राहून चालवायच्या दोन चाकी विजेच्या यंत्रावरून, फिरायचं असेल तर पेस्टच्या, म्हणजे नदीच्या पूर्वेकडच्या बाजूची टूर निवडा. तो भाग सपाट आहे. पलीकडे बुडाच्या बाजूला चढ आणि फरसबंदी, नवशिक्याचे गुडघे बोलायला लागतात.

बुकिंगआधी वजनाची अट बघा. सेगवेच्या नेहमीच्या मॉडेलला साधारण ४५ ते ११८ किलोची मर्यादा असते. त्यामुळे किडकिडीत मुलांचं तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

सुरुवातीचा सराव अजिबात उरकू नका. पुढे झुकलं की यंत्र पुढे जातं, मागे रेललं की थांबतं, हे पाच मिनिटांत जमतं. खरी गंमत उतरताना होते. पूर्ण थांबा, मग एकेक पाय मागे टाका आणि दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत हँडल सोडू नका. घाईत उडी मारली की यंत्र तुमच्याशिवायच पुढे निघतं!

पेस्टच्या काठाने दोन नंबरची ट्राम धावते. तिचे रूळ तिरके ओलांडू नका, चाक सरळ काटकोनात न्या. पावसात तर उतरून ढकलत नेलेलंच बरं. ओढणी आणि लोंबणारी पर्स घरीच, म्हणजे हॉटेलवर ठेवा.

संसदेजवळ काठावर लोखंडी बुटांचं स्मारक आहे. १९४४-४५ मध्ये इथे ज्यूंना बूट काढायला लावून गोळ्या घातल्या होत्या. तिथे गाइडने सांगायची वाट न बघता खाली उतरा. सेगवेवर उभं राहून सेल्फी काढणं बरं दिसत नाही.